भूपट्टाच्या सीमेपासून इतक्या आत शिलावरण मोडतं कसं? ताकदीचा हिशोब जुळत नाही

जिओथर्म_४० (धागाकर्ता)

खंडाच्या आतल्या भागासाठी शिलावरणाचा (कवच आणि त्याखालचं वरचं कडक प्रावरण) ताकद-आलेख काढला आहे, म्हणजे कुठल्या खोलीला मोडायला किती स्ट्रेस लागतो, पण शेवटचा आकडा पटत नाही. गृहीतकं अशी:

कवच ४० किमी जाड आणि सगळं क्वार्ट्झाइटचं, त्याखाली कोरडं ऑलिव्हिन (प्रावरणातलं मुख्य खनिज). पृष्ठभागावरचा उष्णताप्रवाह ५५ मिलिवॉट प्रति चौरस मीटर. त्यातले ३० प्रावरणातून येतात, २५ कवचातल्या किरणोत्सारातून (पृष्ठभागी २.५ मायक्रोवॉट प्रति घनमीटर, खाली जाताना १० किमीच्या मापाने घातांकी घट). उष्णतावाहकता २.५. यातून मोहोपाशी (कवच आणि प्रावरण यांची सीमा) ५९३ अंश से. तापमान मिळतं. ठिसूळ भागाला बायर्लीचा (खडकांमधल्या घर्षणाचा) नियम, घर्षणांक ०.६, छिद्रदाब (खडकाच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब) जलस्थितिक. स्ट्रेन रेट (विकृतीचा वेग) १०^-१५ प्रति सेकंद. बल आडवं, दाबाचं.

हे सगळं खोलीभर संकलित केलं की १.६ × १०^१३ न्यूटन प्रति मीटर येतात. मध्यसागरी पर्वतरांगेचा रेटा धरला तर हाताशी आहेत २ ते ३ × १०^१२. म्हणजे पाच ते आठ पट तूट. या हिशोबाने खंडाच्या आत काहीच हलायला नको. तरी मध्य ऑस्ट्रेलियात पर्वत उभे राहिले, कच्छमधली जुनी खचदरी उलटी दाबली जाते आहे, अमेरिकेतल्या न्यू माद्रिदला भूकंप झाले. तापमान, पाणी, कणांचा आकार, छिद्रदाब, जुने फॉल्ट अशी शिलावरण मऊ करणाऱ्या कारणांची यादी प्रत्येक पुस्तकात असते. त्यातलं नेमकं कुठलं ही तूट भरून काढतं? आणि किती?

---

ग्रॅन्युलाइट

तुमचा आकडा तुमच्या गृहीतकांना धरून बरोबर आहे. गडबड गृहीतकांत आहे, आणि सगळ्यात मोठी स्ट्रेन रेटमध्ये.

१०^-१५ प्रति सेकंद म्हणजे दहा लाख वर्षांत सुमारे ३ टक्के विकृती. हजार किमी रुंद पट्ट्यात हे वर्षाला सुमारे ३२ मिमी होतात. हा हिमालयासारख्या सीमेचा वेग झाला. खंडाच्या आतल्या भागाला १०^-१७ सुद्धा बरेचदा जास्त होतो; हजार किमीमागे तो वर्षाला ०.३ मिमी पडतो. 'शिलावरणाची ताकद' हा काही खडकाचा कायमचा गुणधर्म नाही. अमुक वेगाने मोडायचं असेल तर किती बल लागेल, एवढंच तो आकडा सांगतो. वेग चुकीचा विचारला की उत्तरही चुकीचं येणार.

ऑलिव्हिनच्या डिस्लोकेशन क्रीपमध्ये (स्फटिकातले दोष सरकून होणारं संथ वाहणं) स्ट्रेसचा घातांक ३.५ आहे. त्यामुळे वेग शंभरपट कमी केला की स्ट्रेस ३.७ पट उतरतो. क्वार्ट्झचा घातांक ४ धरला तर ३.२ पट. तुमच्याच जिओथर्मवर (खोलीनुसार तापमानाचा आलेख) हे बसवून पाहिलं. प्रावरणाचा वाटा १.१ × १०^१३ वरून ३.१ × १०^१२ वर येतो, कवचाचा ४.९ वरून ३.४ × १०^१२ वर. एकूण ६.५ × १०^१२. अर्ध्याहून जास्त तूट एका आकड्याने मिटली, आणि खडक अजून कणभरही मऊ केलेला नाही.

दुसरी गोष्ट बलाची. हाताशी फक्त रांगेचा रेटा आहे असं नाही. तिबेटसारखं उंच पठार आजूबाजूला ७ ते ८ × १०^१२ न्यूटन प्रति मीटर ढकलतं. त्यामुळे मध्य आशियातली तिएन शान पर्वतरांग सीमेपासून हजार किमीहून आत असूनही तिथे कोडं उरत नाही. बल पुरेसं आहे आणि मधलं तारिमचं खोरं न मोडता ते पुढे पोचवतं. पश्चिम तिएन शान वर्षाला सुमारे २० मिमी आकसतो. मध्य ऑस्ट्रेलिया आणि न्यू माद्रिदला मात्र असं पठार शेजारी नाही, तेव्हा तुमचा प्रश्न तिथे कायम राहतो.

तिसरी गोष्ट, आणि ही तुमच्या आलेखात दिसणारच नाही. ५५ मिलिवॉट हा प्रवाह तुम्ही ३० अधिक २५ असा वाटला. तोच २० अधिक ३५ असा वाटला तर पृष्ठभागावर काहीही फरक कळत नाही, पण मोहो ५९३ ऐवजी ४७२ अंशांवर जातो. उलट, कवच तेच ठेवून प्रावरणाचा प्रवाह नुसता ५ मिलिवॉटने वाढवला की मोहो ८० अंशांनी तापतो. कोरड्या ऑलिव्हिनला १०^-१५ वेगाने वाकवायला ६०० अंशांना २१६० मेगापास्कल लागतात, ७०० ला २५०, ८०० ला ४४. म्हणजे उष्णताप्रवाहाच्या मोजणीत नेहमी असते तेवढी अनिश्चितताही प्रावरणाच्या ताकदीत कित्येक पटींचा फरक पाडते. या आलेखाचा दुसरा सार्थ अंक कुणी गंभीरपणे सांगू लागलं तर मी तरी ऐकत नाही.

आता हा हिशोब करणाऱ्या कोडबद्दल थोडं. आकडे कुठूनही उचलताना तीन ठिकाणी नेहमी घोळ होतो. क्रीपच्या नियमातला गुणक 'ए' मेगापास्कलच्या घातात दिलेला असतो आणि कोड पास्कलमध्ये चालतो; तेव्हा त्याला १०^(-६ × एन) ने (एन म्हणजे स्ट्रेसचा घातांक) गुणावं लागतं, नुसतं १०^-६ ने नाही. दुसरं, प्रयोगशाळेतला नियम एका अक्षावर दाबलेल्या नळकांड्यासाठी असतो. कोडमध्ये इन्व्हेरियंट (दिशेवर न अवलंबणारं स्ट्रेसचं माप) वापरत असाल तर ३^((एन+१)/२) ÷ २ हा गुणक लागतो; तो एन = ३.५ ला ६ च्या आसपास आहे. तिसरं, ५०० अंशांच्या खाली पॉवर लॉ (हाच क्रीपचा नियम) नुसता चालू ठेवला तर ३०,००० मेगापास्कलसारखे आकडे येतात. असा स्ट्रेस खडक सोसत नाही. तिथे कमी तापमानाच्या प्लॅस्टिसिटीचा नियम किंवा निदान बायर्लीची मर्यादा लावायलाच हवी.

---

जाड_भिंग

ग्रॅन्युलाइट यांच्याशी सहमत, पण ६.५ अजून ३ झालेले नाहीत. उरलेली तूट कणांच्या आकारात आहे असं माझं मत. पाणी आणि उष्णता यांच्याबद्दल लिहिलं खूप जातं, पण मायलोनाइटचा (विकृतीने बारीक कणांचा झालेला खडक) पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की काय घडलं ते समोरच दिसतं. मिलिमीटरभर, कधी अर्ध्या सेंटिमीटरचे ऑलिव्हिनचे कण पुनःस्फटिकीकरणाने दहा-वीस मायक्रॉनचे झालेले असतात. मध्ये एखादा जुना मोठा कण डोळ्याच्या आकारात शिल्लक, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बारीक कणांच्या शेपट्या.

बारीक कणांत विकृती डिफ्यूजन क्रीपने (अणूंच्या विसरणाने होणारं वाहणं) होते. तिथे स्ट्रेसचा घातांक १ आणि वेग कणाच्या आकाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. कोरडं ऑलिव्हिन, ६०० अंश, १०^-१५ घ्या. भरड कणांना २१६० मेगापास्कल लागतात आणि १० मायक्रॉनच्या कणांना सुमारे १८. शंभराहून जास्त पट. तापमान तेच, पाणी शून्य.

पण हे १० मायक्रॉनचे कण आले कुठून, हा खरा प्रश्न. पुनःस्फटिकीकरणात कणाचा आकार स्ट्रेस ठरवतो. ऑलिव्हिनसाठी तो ०.०१५ × स्ट्रेस^-१.३३ मीटर, स्ट्रेस मेगापास्कलमध्ये. १०० मेगापास्कलला ३३ मायक्रॉन येतात, १० मायक्रॉनसाठी जवळजवळ २५० लागतात. आता ३ × १०^१२ न्यूटन प्रति मीटर हे बल १०० किमी जाड शिलावरणावर वाटलं तर सरासरी स्ट्रेस ३० मेगापास्कल. खंडाच्या आत आजच्या बलाने असे कण नव्याने बनणं फार अवघड आहे. असा शिअर झोन (विकृती गोळा झालेला अरुंद पट्टा) चालवायला १८ मेगापास्कल पुरतात, पण तो घडवायला २५० लागतात.

म्हणून 'आतला भाग मऊ कसा होतो' यापेक्षा 'मऊ जागा आधी कधी घडली' हे शोधावं. ती बहुतेक वेळा तेव्हा घडलेली असते जेव्हा ती जागा स्वतःच सीमा होती: खंड जोडले जाताना किंवा फाटताना, मोठ्या बलाखाली, तापलेल्या अवस्थेत. नंतर खडक थंड होतो. एकाच खनिजाचा खडक असेल तर कण परत वाढतात आणि जखम भरते. पण ऑलिव्हिनच्या सोबतीला पायरॉक्सिन नीट मिसळलेलं असेल तर दोन्ही एकमेकांच्या सीमा अडवून धरतात. यालाच झेनर पिनिंग म्हणतात. ६०० अंशांच्या आसपास असे मिश्र बारीक कण कोट्यवधी वर्षं टिकू शकतात. सगळे शिअर झोन टिकत नाहीत याचं कारणही हेच. खनिजं मिसळण्याइतकी विकृती झाली नसेल तर पट्टेच्या पट्टे एकाच खनिजाचे राहतात आणि त्यांत कण वाढून जातात.

जुन्या विकृतीची आणखी एक खूण उरते. ऑलिव्हिनचे स्फटिक एका दिशेला वळून बसलेले असतात, आणि त्या जडणघडणीला समांतर सरकवलं तर ते कमी स्ट्रेसला वाहतात. पूर्व आफ्रिकेची खचदरी टांझानिया क्रेटॉनच्या (खंडाचा जुना, स्थिर गाभा) मधून न जाता दोन्ही बाजूंच्या जुन्या पर्वतपट्ट्यांतून वळसा घालून जाते. क्रेटॉन जाड आणि थंड आहे हे एक कारण झालंच, पण पट्ट्यांमधली ही जडणघडणही सोबत असणार.

---

मूक_वाचक

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक शंका: शिअर झोनमध्ये घर्षणाने जी उष्णता होते तिनेच तो मऊ होत जात नाही का? म्हणजे एकदा सुरू झालं की आपोआप वाढत जाणारं?

---

जाड_भिंग

सीमेवर होतं, आत नाही. उष्णतेचा दर म्हणजे स्ट्रेस गुणिले स्ट्रेन रेट. १०० मेगापास्कल × १०^-१५ = ०.१ मायक्रोवॉट प्रति घनमीटर. साध्या ग्रॅनाइटमधला किरणोत्सार याच्या वीस-तीस पट उष्णता देतो. झोन अरुंद होऊन आतला वेग १०^-१३ झाला तर १० मायक्रोवॉट होतात, पण तेव्हा झोन किलोमीटरभर रुंद असतो आणि तेवढ्या अंतरातून उष्णता ३० हजार वर्षांत निघून जाते. साठणार कशी? भूकंपाच्या वेळी सेकंदभरात खडक वितळतो तो वेगळा विषय.

---

उष्णप्रवाह

जुन्या जखमांचं सगळं मान्य, पण त्या तर जगभर आहेत. कुठल्याही खंडाचा नकाशा उघडा, शिवणींचं (जुने खंड जोडले गेले त्या रेषांचं) जाळं दिसेल. त्यातली एखादीच विशिष्ट काळात का जागी होते, हे कणांचा आकार सांगत नाही. तिथे तापमान लागतं.

मध्य ऑस्ट्रेलिया हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. जवळची भूपट्ट-सीमा हजार किमीहून दूर, तरी तिथे दोनदा पर्वत उठले: सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी पीटरमन आणि ४५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी ॲलिस स्प्रिंग्ज. दोन्ही आधी साचलेल्या जाड गाळाच्या खोऱ्यांखाली. या भागाच्या कवचात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम नेहमीपेक्षा जास्त आहे आणि त्यावर कित्येक किमी गाळाचं पांघरूण पडलं.

हिशोब करून पाहा. गाळाखालून वर येणारा प्रवाह ६० मिलिवॉट (४० कवचाचे, २० प्रावरणाचे), गाळाची वाहकता २, जाडी ४ किमी. ०.०६० × ४००० ÷ २ = १२० अंश. खालचा प्रत्येक खडक कालांतराने एवढा तापतो. ग्रॅन्युलाइट यांच्या आकड्यांतच पाहा, ६०० वरून ७०० ला गेलं की ऑलिव्हिनची ताकद आठ-नऊ पट कमी होते. पाणी नको, बाहेरून मॅग्मा नको. फक्त हे व्हायला वेळ लागतो. ४० किमीमधून उष्णता पोचायचा काळ, वर्ग भागिले विसरणांक केला की, ५ कोटी वर्षांच्या घरात जातो. गाळ साचायला लागल्यानंतर बऱ्याच उशिराने पर्वत उठतात त्याचं एक स्पष्टीकरण यातून मिळतं.

आणि याचं उलटंही होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पर्वत उठला की वरचा किरणोत्सारी थर झिजून वाहून जातो. उष्णतेचा स्रोतच नाहीसा होतो आणि खालचं प्रावरण थंड होऊन कडक बनतं. मध्य ऑस्ट्रेलियातल्या रेडबँक शिअर झोनखाली मोहोला सुमारे २० किमीची पायरी आहे आणि तिच्यामुळे तिथली गुरुत्वाकर्षणाची विसंगती खंडांतल्या सर्वांत मोठ्या विसंगतींपैकी एक आहे. ती पायरी ३० कोटी वर्षं तशीच टिकली. एकाच जागेने एकदा मोडण्याइतकं मऊ आणि नंतर असा भार पेलण्याइतकं कडक असणं, हे निव्वळ 'मऊ जखम' धरून समजावता येत नाही.

खचदरीबाबतही हाच सावधपणा हवा. खचदरी तापलेली असते तोवर मऊ. थंड झाल्यावर, कवच पातळ झालेल्या जागी वर आलेलं प्रावरण येऊन बसलेलं असतं आणि ऑलिव्हिन त्याच तापमानाच्या क्वार्ट्झपेक्षा कितीतरी कडक. म्हणजे जुनी थंड खचदरी शेजारच्या जमिनीपेक्षा मजबूत निघू शकते. ती परत मोडते तेव्हा एक तर गाळाने तिला ऊबदार ठेवलेलं असतं, नाहीतर तिचे वरचे फॉल्ट कमजोर असतात.

पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ऑलिव्हिनमधलं पाणी शंभरपट वाढलं तर प्रयोगांतल्या जुन्या घातांकाने (१.२) स्ट्रेस पाचपट उतरतो. नंतर सिलिकॉनचं विसरण मोजून तो घातांक बराच कमी दाखवला गेला, त्यामुळे सगळा भार पाण्यावर टाकू नये. उत्तर चीनच्या क्रेटॉनचं उदाहरण नेहमी देतात. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या हिरेयुक्त किंबरलाइटवरून (खोल प्रावरणातून वर आलेला खडक) तिथे तेव्हा जवळपास २०० किमी जाड, थंड शिलावरण होतं हे कळतं, आणि नंतरच्या बेसॉल्टमधून वर आलेले प्रावरणाचे तुकडे सांगतात की पूर्व भागात ते ८० किमीच्या आसपास उरलं. नाश सर्वांत वेगाने झाला तो सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वी, पॅसिफिकच्या बाजूने सरकून खाली गेलेला भूपट्ट वरच्या प्रावरणात पाणी सोडत असताना. पण तिथे नुसतं पाणी नव्हतं. बूडच गेलं आणि खालून उष्णता आली. एका कारणाचं नाव घेऊन ते प्रकरण संपत नाही.

---

कंपलेखक

इथे एक गल्लत होते आहे ती थांबवावीशी वाटते. मध्य ऑस्ट्रेलियातला पर्वत आणि न्यू माद्रिदचे भूकंप हे एकाच प्रश्नाखाली येत नाहीत. पर्वत उठायला अखंड विकृती लागते, म्हणजे संपूर्ण शिलावरण मोडलं पाहिजे. भूकंपाला ते लागत नाही. साठलेला लवचिक स्ट्रेस सुटला की झालं.

वरचं कवच जगभर जवळजवळ तुटण्याच्या टोकावरच असतं. जर्मनीतल्या ९.१ किमी खोल केटीबी विवरात सुमारे ८ किमीपर्यंत मोजलेला स्ट्रेस ०.६ ते ०.७ घर्षणांकाच्या बायर्ली रेषेवर बसतो. तळाशी पाणी दाबल्यावर छिद्रदाब १ मेगापास्कलहूनही कमी वाढला, तरी सूक्ष्म भूकंप झाले. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच, म्हणजे पाण्याचा दाब जेमतेम १ मेगापास्कल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ चा भूकंप त्याच परिसरात झाला. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी ६.२ चा भूकंप अगदी उथळ झाला आणि आधी पृष्ठभागावर ओळखलेला फॉल्ट तिथे नव्हता. यांतल्या कुठल्याही ठिकाणी प्रावरण मऊ करायची गरज पडत नाही.

हिमयुगानंतरचा स्कँडिनेव्हिया बघा. ३ किमी बर्फ म्हणजे २७ मेगापास्कल उभा दाब. तो वितळल्यावर उत्तर स्वीडनमध्ये पार्वी नावाचा दीडशे किमी लांब फॉल्ट एकदम फुटला. बर्फाखाली साठत आलेला आडवा स्ट्रेस मोकळा झाला, बस.

आणि जीपीएसवरून घाईने निष्कर्ष काढू नका. न्यू माद्रिदला १८११-१२ मध्ये तीन मोठे भूकंप झाले, पण आज तिथे जमिनीचा वेग मोजणीच्या अनिश्चिततेहून वेगळा दिसत नाही, वर्षाला ०.२ मिमीच्या आत. त्यावर दोन टोकाचे अर्थ निघाले: धोका संपला, किंवा मोजणी चुकली. तिसरा अर्थ साधा आहे. १०^-१७ ने स्ट्रेस वर्षाला वीसेक पास्कल वाढतो. ३ मेगापास्कल परत भरायला दीड लाख वर्षं लागतील. शिवाय भार इतका सावकाश चढतो तिथे पश्चात्-धक्के शतकानुशतकं चालतात. आज तिथे दिसणारे बारीक भूकंप १८१२ चेच उरलेले धक्के असण्याची शक्यता चांगलीच आहे. म्हणून 'इथे भूकंप होतात, म्हणजे इथलं शिलावरण मऊ' हे उलटं वाचन टाळावं. रीलफूट ही कँब्रियन काळातली खचदरी खाली आहे, पण तशा खचदऱ्या उत्तर अमेरिकेत इतरत्रही आहेत आणि त्या गप्प आहेत.

---

जिओथर्म_४०

भूकंप आणि अखंड विकृती वेगळी काढायला हवी होती, मान्य. मग प्रश्न मध्य ऑस्ट्रेलिया आणि कच्छच्या दीर्घकालीन आकसण्यापुरता ठेवतो. द्विमितीय मॉडेलमध्ये जुनी जखम घालायची तर कशी? मधोमध कमी स्निग्धतेचा चौकोन ठेवला की विकृती तिथेच जाते, हे तर उत्तर आधीच भरून ठेवल्यासारखं झालं.

---

जाळी_बारीक

अॅस्पेक्ट किंवा अंडरवर्ल्ड, कुठल्याही कोडमध्ये पहिली चूक तीच: बाजूच्या भिंतींना वेग द्यायचा. वेग लादला की मॉडेल मोडणारच, मग खडक कितीही कडक असो. ५ मिमी प्रति वर्ष, हजार किमी पेटी, म्हणजे १.६ × १०^-१६ तुम्ही आधीच ठरवून टाकलात. वेग द्यायचाच तर भिंतीवरची प्रतिक्रिया दर पायरीला संकलित करून न्यूटन प्रति मीटरमध्ये छापा. ती ३ × १०^१२ च्या वर गेली तर पुढचं चित्र कितीही सुंदर दिसो, निसर्गात ते घडणार नाही. शक्य असेल तर भिंतीवर बलच लावा आणि वेग मॉडेलला शोधू द्या.

चौकोन ठेवू नका हे बरोबर. जखम दोन भागांत घाला. कवचात एक तिरकी पट्टी, तिच्यात घर्षणांक ०.३, जुन्या फॉल्टमधल्या फेल्डस्पारचा अभ्रक आणि चिकणखनिजं झाल्यावर तसाच मिळतो. प्रावरणात त्याच पट्टीचं टोक, तिथे कणांचा आकार १० ते ५० मायक्रॉन, बाकी सगळीकडे ३ ते ५ मिमी. डिफ्यूजन आणि डिस्लोकेशन दोन्ही क्रीप चालू ठेवा आणि स्निग्धता कोडलाच काढू द्या. मग तापमान बदलून जखम कधी कामाला लागते ते पाहता येतं. उत्तर आधी भरलेलं राहत नाही.

पट्टीचा कल मात्र मनाने ठेवू नका. ०.६ घर्षणांकाचा ५९ अंशांहून तीव्र फॉल्ट आडव्या दाबाखाली मुळात सरकूच शकत नाही, आणि ५० अंशांवरही तो सरकवण्यापेक्षा नवा तोडणं स्वस्त. आकडे असे: १० किमी खोल, जलस्थितिक छिद्रदाब. नवा फॉल्ट ३५३ मेगापास्कल. जुना ५० अंशांचा, घर्षणांक ०.६, तर ७१३. तोच ०.३ चा असेल तर १५८. म्हणजे खचदरीचे जुने तीव्र फॉल्ट उलटे वापरले जात असतील तर ते कमजोर असलेच पाहिजेत, नाहीतर त्यांच्यात छिद्रदाब चढलेला असला पाहिजे. २००१ चा भूजचा फॉल्ट साधारण ५० अंशांनी दक्षिणेकडे कललेला आहे, या हिशोबात तो नेमका बसतो.

जाळीचं दुखणं वेगळं. विकृतीबरोबर घर्षणांक कमी करत नेलात, उदाहरणार्थ प्लॅस्टिक विकृती ०.५ ते १.५ होईपर्यंत ०.६ वरून ०.३, तर शिअर बँड एक-दोन घटकांइतका अरुंद होतो. जाळी अर्धी केली की बँडही अर्धा होतो आणि मऊपणा दुप्पट वेगाने येतो. ते भौतिकी नाही, जाळीचा खेळ आहे. दोन रेझोल्यूशनला चालवून भिंतीवरचं बल जुळतं का पाहा. जुळत नसेल तर प्लॅस्टिक भागात थोडी स्निग्धता मिसळा, म्हणजे बँडला स्वतःची रुंदी मिळते. ती मिसळताना फार जास्त टाकलीत तर फॉल्टवर खोटी ताकद चढते, म्हणून तिचा स्ट्रेसमधला वाटा काही टक्क्यांच्या आत ठेवा.

आता ग्रॅन्युलाइट यांचा १०^-१७ चा हिशोब जखमेला जसाच्या तसा लावता येत नाही, हेही सांगतो. हजार किमीची विकृती १० किमी पट्टीत गोळा झाली की पट्टीतला वेग परत १०^-१५ होतो. त्यामुळे क्वार्ट्झ तिथे परत कडक वागतं. तुमच्याच जिओथर्मवर, पट्टीत १०^-१५, घर्षणांक ०.३, प्रावरणात १० मायक्रॉन असं घेतलं. प्रावरणाचा वाटा १०^११ च्या आसपास, म्हणजे नगण्य. कवच, पट्टी सर्वांत सोयीच्या कलाने असेल तर, २.५ × १०^१२; ५० अंशांना २.८, ६० अंशांना ३.८. तुमची तूट ५० अंशांपर्यंत मिटते आणि ६० ला मिटत नाही. तिथे छिद्रदाबाचं गुणोत्तर (छिद्रदाब भागिले वरच्या खडकाचा दाब) ०.३७ वरून ०.५ केलं तरी ३.२ च उरतात. तेव्हा उष्णप्रवाह म्हणतात तसा गाळ वर टाका, क्वार्ट्झचा ठिसूळपणाकडून वाहण्याकडे होणारा बदल दोनेक किमी वर सरकतो की नाही ते आधी पाहा, आणि मगच घर्षणांकाला हात लावा.